छापलेलं जमा होतं, पडद्यावरचं कुठे जातं?

पोटमाळा (धागाकर्ती)

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा मुंबईत वृत्तपत्रांचं वितरण थांबलं आणि काही दिवस अंक छापलेच गेले नाहीत. पण पेपर बंद पडले नव्हते. पानं लागत होती, ई-पेपर निघत होता, त्याची पीडीएफ सकाळी व्हॉट्सॲपवर घरोघर पोचत होती. त्याच वर्षी काही दिवाळी अंकही फक्त डिजिटल निघाले. एवढ्या मोठ्या साथीत मराठी माणूस काय वाचत होता, कशाला घाबरत होता, कुठल्या अफवांवर विश्वास ठेवत होता, याचा मोलाचा पुरावा असा थेट पडद्यावर जन्मला. तो जपून ठेवायला आपल्या देशात एकाही ग्रंथालयाला कायद्याने बांधलेलं नाही.

मी महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. आमच्या क्षेत्रात ज्याला 'डिलिव्हरी ऑफ बुक्स ॲक्ट' म्हणतात तो कायदा 1954 चा. 1956 मध्ये त्यात वृत्तपत्रं आली. प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, एकेक प्रत चार ग्रंथालयांना द्यायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. नाही दिली तर दंड 50 रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाची किंमत. पुस्तकाच्या व्याख्येत छापलेला किंवा शिळाछापावर काढलेला नकाशा बसतो. ई-पुस्तक बसत नाही, संकेतस्थळ बसत नाही, ई-पेपरही बसत नाही.

या कायद्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, उलट मला त्याचा अभिमान वाटतो. देश नुकताच स्वतंत्र झालेला, पैशाची ओढाताण, आणि तरी कोणीतरी ठरवलं की प्रत्येक भारतीय भाषेतलं प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी मिळालं पाहिजे. त्या प्रतींवरूनच भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होऊ लागली आणि तिच्यात मराठीचा विभाग आला. एखाद्या खेड्यातल्या कवीने पदरमोड करून काढलेल्या संग्रहाची नोंद राष्ट्राच्या दप्तरी लागण्याची सोय झाली. तोच हक्क आज ब्लॉगवर लिहिणाऱ्या कवीला का नसावा?

प्रताधिकार कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने ग्रंथालयांना एक सोय मिळाली आहे. एखादी कृती ग्रंथालयाकडे कागदावर असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. म्हणजे आधी कागद हवाच. जे कागदावर कधी आलंच नाही त्याच्यासाठी ही खिडकीही बंद.

राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि राज्यांच्या मध्यवर्ती ग्रंथालयांना डिजिटल मजकूर मागण्याचा, उतरवून घेण्याचा आणि कायम ठेवण्याचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. परवानगीची पत्रं पाठवत बसून हे होणार नाही. यावर सगळ्यांनी लिहावं. विरोध असेल तर तोही लिहा.

वाचनवेडा

पोटमाळाताई, विषय चांगला आहे, पण एक शंका. इंटरनेट आर्काइव्ह हे काम करतंच आहे ना? जुन्या मराठी साइट्स मी तिथेच बघतो. शिवाय आपली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. मग नवीन कायदा, नवीन खातं, नवीन खर्च कशासाठी?

टाकसाळ

@वाचनवेडा, इंटरनेट आर्काइव्हबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. 1996 पासून त्यांनी जे केलं ते कुठल्या सरकारला सुचलं नव्हतं. पण आपल्या देशाने त्यांच्या जिवावर निर्धास्त राहणं मला धोक्याचं वाटतं.

ऑगस्ट 2017 मध्ये हे संकेतस्थळ भारतात अचानक उघडेनासं झालं होतं. चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्यातल्या संकेतस्थळांच्या यादीत त्याचंही नाव होतं. पुढे ते सुरू झालं. पण बंद होतं तेव्हा आपल्या बुडालेल्या मराठी पानांची जगातली एकमेव प्रत आपल्यालाच बघता येत नव्हती. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला आणि सेवा कित्येक दिवस विस्कळित राहिली. प्रकाशकांनी भरलेला मोठा खटलाही ते अपिलात हरले. संस्था अमेरिकन, कायदा अमेरिकन, पैसा देणगीदारांचा. उद्या त्यांनी काय ठेवावं आणि काय काढून टाकावं यात आपल्याला चकार शब्द काढता येणार नाही.

दुसरं म्हणजे त्यांचा क्रॉलर जगभर फिरतो. क्रॉलर म्हणजे एका पानावरचे दुवे धरून पुढच्या पानावर जाणारा आणि सगळं उतरवून घेणारा प्रोग्राम. ज्या साइटकडे फारसे दुवे येत नाहीत तिथे तो क्वचित पोचतो, पोचला तरी वरवरची पानं घेऊन निघतो. आपली छोटी मराठी संकेतस्थळं नेमकी याच प्रकारात मोडतात. मुखपृष्ठ मिळतं, लेखांची यादी मिळते, लेखावर टिचकी मारली की काही नाही. जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, ऑर्कुट 2014 मध्ये, गूगल प्लस 2019 मध्ये, आणि याहू ग्रुप्सवरच्या चर्चा त्याच सुमारास पुसल्या गेल्या. या प्रत्येक ठिकाणी मराठी लोक वर्षानुवर्षं लिहीत होते. त्यातलं किती वाचलं हे सांगू शकेल अशी एकही भारतीय संस्था नाही.

पोटमाळा

टाकसाळ, धन्यवाद. वाचनवेडा यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल लिहिते, कारण हा गैरसमज ग्रंथपालांमध्येसुद्धा आहे.

नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूरने उभी केली आणि 2018 मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. विद्यार्थ्यांना तिचा फार उपयोग होतो, मी स्वतः मुलांना तिथे पाठवते. पण ती मुख्यतः सूची आहे. कुठल्या विद्यापीठाच्या, कुठल्या संस्थेच्या भांडारात काय आहे त्याच्या नोंदी ती एकत्र करते, आणि मूळ फाइल बहुतेक वेळा त्या त्या संस्थेच्या सर्व्हरवरच असते. तो सर्व्हर बंद पडला की नोंद राहते, पुस्तक जातं.

आणि हे आपल्याकडे होऊन गेलेलं आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आठवते का? बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या पुढाकाराने 2000 नंतरच्या दशकात देशभर स्कॅनिंग केंद्रं उभी राहिली आणि लाखो पुस्तकं स्कॅन झाली. त्यात मराठीही भरपूर होती. नावं रोमन लिपीत, मन मानेल तशा स्पेलिंगने नोंदलेली, काही पानं तिरकी, काही गायब. तरीही तो खजिना होता. 2017 च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झालं. आज ती पुस्तकं आपण वाचतो ती एका अमेरिकन ना-नफा संस्थेने वेळेवर उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर चढवली म्हणून.

सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक ग्रंथालयांच्या पुस्तकांवरून केलेलं काम, आणि त्याची प्रत शेवटी परदेशात शोधायची. प्रकल्पाला मुदत असते, अनुदान संपतं, प्रमुख निवृत्त होतात. ग्रंथालय मात्र माणसं बदलली तरी जबाबदारी सोडत नाही. म्हणून हे काम कायद्याने ग्रंथालयाकडेच हवं, प्रकल्पाकडे नको.

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो, ब्रिटिश लायब्ररीत नियमित जातो, म्हणून इथला अनुभव.

छापील पुस्तकाची प्रत जमा करायची प्रथा युरोपात जुनी. फ्रान्समध्ये 1537 पासून, इंग्लंडमध्ये 1662 पासून. ब्रिटनने 2003 मध्ये कायदा करून डिजिटल मजकुराची वाट मोकळी केली, पण प्रत्यक्ष नियम यायला एप्रिल 2013 उजाडलं. मधली वर्षं ग्रंथालयं एकेका संकेतस्थळाच्या मालकाला पत्र पाठवून परवानगी मागत होती आणि बऱ्याच जणांकडून उत्तरच येत नसे. नियम आल्यावर चित्र पालटलं. आता वर्षातून एकदा .यूकेची सगळी संकेतस्थळं झाडून उतरवली जातात, आणि निवडणुका, मोठ्या घडामोडी, बातम्यांच्या साइट्स जास्त वेळा. सहा ग्रंथालयं मिळून हे काम करतात, त्यात स्कॉटलंड आणि वेल्सची राष्ट्रीय ग्रंथालयं आहेत, ऑक्सफर्ड-केंब्रिज आहेत, आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेजही.

बघण्याची अट मात्र कडक आहे. परवानगी नसलेलं पान ग्रंथालयाच्या इमारतीतच, तिथल्याच संगणकावर बघायचं, आणि एका ग्रंथालयात एका वेळी एकानेच. कॉपी-पेस्ट नाही. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं. पण या अटीमुळेच प्रकाशक तयार झाले.

पोटमाळा यांच्या मताशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. कर्मचाऱ्यांची आणि वाचकांची माहिती चोरांनी बाहेर टाकली, कॅटलॉग कित्येक आठवडे बंद, वेब आर्काइव्ह तर त्याहून खूप जास्त काळ. वाचनालयात लोक बसलेले असायचे आणि ग्रंथपाल जुन्या पद्धतीने कागदी चिठ्ठीवर पुस्तकांची मागणी घ्यायचे. एवढ्या श्रीमंत आणि जुन्या संस्थेची ही अवस्था झाली. तेव्हा भारतात कायदा झाला आणि सगळं कोलकात्याच्या एका इमारतीत एका सर्व्हरवर ठेवलं, तर ते सांभाळणं म्हणता येणार नाही.

टाकसाळ

थेम्सकाठ यांना पूर्ण पाठिंबा. एकच प्रत असेल तर जतनाच्या गप्पा व्यर्थ आहेत. किमान तीन प्रती, तीन वेगळ्या गावांत, त्यातली एक नेटवर्कपासून तोडलेली. आणि प्रत्येक फाइलची एक गणिती खूण काढून ठेवायची, ठरावीक काळाने ती पुन्हा काढून जुळवून बघायची. फाइल न उघडताही खराब होते, आणि न जुळवता ते कळत नाही.

वेबपानं ठेवायचा साचाही ठरलेला आहे. त्याला वॉर्क म्हणतात, 2009 पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. पान, चित्रं, कुठल्या क्षणी उतरवलं, सर्व्हरने काय उत्तर दिलं, सगळं एकत्र बांधून ठेवतो. उतरवून घेणारा हेरिट्रिक्स नावाचा क्रॉलर मुक्त आहे, फुकट आहे, आणि तो घडवण्यात उत्तर युरोपातल्या राष्ट्रीय ग्रंथालयांचा हात होता. म्हणजे अवजारं तयार आहेत. आपल्याकडे हक्क आणि माणसं नाहीत.

अक्षरजुळारी

मी खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे डीटीपीत, म्हणजे संगणकावर पानं लावण्यात, आयुष्य गेलं. तुमच्या चर्चेत एक गोष्ट अजून आली नाही ती सांगतो, कारण मराठीच्या बाबतीत ती सगळ्यात मोठी अडचण आहे.

1990 पासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठी मजकूर संगणकावर होता, पण संगणकाच्या लेखी तो मराठी नव्हता. श्रीलिपी, शिवाजी, योगेश, सुरेख, प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. आतमध्ये साठवलेली अक्षरं रोमन किंवा चिन्हं, वर फॉन्टचा मुखवटा चढवला की देवनागरी दिसायचं. तीच फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की नुसता कचरा. कंपनी एकच असली तरी फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत जोडाक्षरांच्या जागा बदललेल्या असायच्या.

वृत्तपत्रांच्या पहिल्या संकेतस्थळांनी यावर डायनॅमिक फॉन्टचा उपाय काढला. पान उघडताना फॉन्ट आपोआप उतरायचा, बहुतेकदा फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. आज त्या काळचं आर्काइव्हमधलं पान उघडा. मजकूर शाबूत आहे, एकही अक्षर हरवलेलं नाही, पण फॉन्टची फाइल उतरवली गेली नाही म्हणून वाचता येत नाही. परदेशी क्रॉलरला काय कळणार की त्या एका छोट्या फाइलवर सगळा लेख उभा आहे? मराठी वाचणारा माणूस तपासायला बसला असता तर पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं असतं.

म्हणून हे काम आपल्या ग्रंथालयांत, आपली भाषा जाणणाऱ्या माणसांनी केलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. फॉन्टसुद्धा जमा करण्याची वस्तू आहे. ज्या प्रकाशकांकडे पेजमेकरच्या (पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या) फाइली आहेत त्यांनी फॉन्टसकट द्याव्यात. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच मांडणीत, बदलून घ्या, जरूर घ्या, पण मूळ फाइल फेकू नका. बदलताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरते, काही वेळा शब्दच वेगळा होतो. मूळ असेल तरच पडताळता येईल.

ओवी

अक्षरजुळारी काका, किती महत्त्वाचं लिहिलंत! माझ्या पीएचडीसाठी 2000 च्या आसपासचे ऑनलाइन लेख हवे होते, तेव्हा हाच अनुभव आला. शेवटी ज्यांनी त्या वेळी छापून फाइलला लावून ठेवले होते त्यांच्याकडून झेरॉक्स आणल्या.

सह्यकडा

मी विरोधात लिहितो.

मी कॉलेजात असताना ब्लॉग लिहायचो. त्यात मित्रमैत्रिणींची नावं, घरातली भांडणं, नको ते सगळं. तो मी पुसून टाकला आणि पुसायचा मला अधिकार आहे. उद्या सरकारी ग्रंथालयाने न विचारता सगळं उतरवून ठेवलं तर तो अधिकार गेला. पुस्तक छापणारा माणूस विचार करून छापतो. रात्री फोरमवर रागाच्या भरात लिहिणारा तसा नसतो. दोघांना एकच कायदा लावणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काय ठेवायचं हे सरकारच्या पगारावरची माणसं ठरवणार. सरकारवर टीका करणारी संकेतस्थळं यादीत असतील का? आणि असली तर ती यादी कोणाच्या हातात जाईल?

पोटमाळा

सह्यकडा, दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि मला ते बाजूला सारायचे नाहीत.

ठेवणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी करता येतात. डेन्मार्कने 2005 पासून आपल्या देशाचं वेब उतरवायला सुरुवात केली, पण त्यात लोकांची खाजगी माहिती असते म्हणून ते फक्त संशोधकांना, अर्ज करून, बघायला मिळतं. आपल्याकडेही 2023 च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संशोधन, अभिलेख जतन आणि सांख्यिकी यांच्यासाठी सवलत आहे, अट अशी की त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये. तुमच्यासारख्याचा ब्लॉग असेल तर अर्ज केल्यावर पन्नास-साठ वर्षं कुलपात ठेवण्याची तरतूद करता येईल. पासवर्डमागचं, बंद गटातलं, खाजगी संदेश यांना हात लावायचाच नाही. माझ्या मते ही मर्यादा कायद्यातच लिहिलेली हवी, नियमांवर सोडलेली नको.

दुसऱ्या आक्षेपावर माझं उत्तर असं: निवड जितकी कमी, तितकी ढवळाढवळ कमी. .इन आणि .भारत या डोमेनवरचं सगळं सरसकट उतरवायचं ठरलं तर कोणाला वगळायचं हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. छापील कायद्याची हीच ताकद होती. त्यात चांगलं पुस्तक, वाईट पुस्तक, सरकारच्या बाजूचं, विरोधातलं असा भेदच नाही. छापलंत ना? प्रत द्या. आणि प्रती चार ग्रंथालयांत असतील तर एकीकडून काही गुपचूप काढणं अवघड होतं. तुमची भीती खोटी नाही, म्हणूनच राज्यांच्या ग्रंथालयांकडे स्वतंत्र प्रत असावी यावर मी अडून बसेन.

सह्यकडा

खाजगीपणाचं उत्तर पटलं, विशेषतः कुलपाचं. सरसकटाबद्दल अजून शंका आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2010 मध्ये ट्विटरवरचं सगळं सार्वजनिक लेखन ठेवायचं ठरवलं होतं. 2017 संपता संपता सगळं घेणं थांबवलं आणि यापुढे निवडक असं जाहीर केलं. त्यांना जे झेपलं नाही ते आपल्याला झेपेल? आणि निवड करावी लागली की माझा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

तालुका_वाचनालय

मी 'ड' वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या, सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो. नाव-गाव देत नाही.

महाराष्ट्रात अशी अनुदानित ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत, 1967 च्या कायद्यामुळे उभी राहिलेली. देशात असं जाळं फार थोड्या राज्यांत आहे. पण 'ड' वर्गाचं परिरक्षण अनुदान किती आणि ते कधी हातात पडतं हे इथल्या कोणाला माहीत असेल तर त्यांना आमची परिस्थिती कळेल. आमच्याकडे एक संगणक आहे, तो ग्रामपंचायतीकडून आलेला. तेव्हा डिजिटल जतनाची मोठी जबाबदारी आमच्यावर टाकू नका. पगाराचं आधी बघा.

तरी सह्यकडा साहेबांच्या निवडीच्या प्रश्नावर सांगतो. काय आहे ते आम्हाला ठाऊक असतं. तालुक्यातलं साप्ताहिक छपाई बंद करून फेसबुकवर गेलं, हे कोलकात्याला कधी कळणार नाही. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका पैसे नव्हते म्हणून फक्त पीडीएफ निघाली, ती पाच-सहाशे फोनमध्ये आहे आणि फोन बदलले की जाणार. आमच्याकडच्या एका गुरुजींनी परिसरातल्या देवळांची आणि शिलालेखांची माहिती लिहून यूट्यूबवर घातली आहे, पुस्तक नाही. साठवण वरच्यांनी करावी. आम्हाला एक साधं पान द्या, ज्यावर दुवा किंवा फाइल टाकली की ती मुंबईला पोचेल आणि आमच्या ग्रंथालयाच्या नावाने नोंद होईल. हे आम्ही आनंदाने करू. हजारो ठिकाणची माणसं निवडणार असतील तर एका टेबलावर बसून कोणी काही वगळू शकणार नाही.

पोटमाळा

@तालुका_वाचनालय, दादा, अख्ख्या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद तुमचा आहे. आणि पगाराबद्दल लिहिलंत ते योग्यच केलंत. ग्रंथालय म्हणजे आधी माणूस. ग्रंथपालांची पदं रिकामी ठेवून डिजिटल वारशाची भाषणं करण्यात काही अर्थ नाही.

मांडवीतीर

पणजीहून. आमचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचं, म्हणजे देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. पोर्तुगीज काळातली वृत्तपत्रं तिथे जपलेली आहेत, जुन्या अंकांचं डिजिटायझेशन झालं आहे, आणि गोव्याच्या इतिहासावर काम करणाऱ्याला त्यामुळे केवढा आधार मिळतो हे मी बघितलं आहे. पण जुन्या कागदाची डिजिटल प्रत झाली की लोकांना वाटतं डिजिटलचं काम झालं. आजचं गोवा मराठीत, देवनागरी कोंकणीत, रोमी कोंकणीत आणि इंग्रजीत ऑनलाइन लिहितंय, भांडतंय, नाटकं-तियात्रांच्या चित्रफिती टाकतंय. शंभर वर्षांपूर्वीचा अंक मिळेल आणि परवाचा मिळणार नाही, अशी पाळी येऊ नये. राज्य लहान असल्याचा इथे फायदा आहे, गोव्याने स्वतःपुरतं आधी करून दाखवावं.

दौत

प्रकाशकाच्या बाजूने बोलतो. आमची ई-पुस्तकं आम्ही ग्रंथालयाला द्यायला घाबरतो, आणि घाबरण्याला कारण आहे. एक पीडीएफ बाहेर फुटली की आठवड्याभरात टेलिग्रामवर सगळीकडे असते, आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती किती प्रतींची असते ते तुम्हाला माहीत आहे. लेखकाचं मानधन त्यातूनच यायचं. थेम्सकाठ म्हणतात तशी इमारतीतल्या संगणकाची अट असेल तर मी पहिल्या दिवशी फाइल देईन. नसेल तर नाही देणार, दंड 50 रुपये असो की 50 हजार.

थेम्सकाठ

@दौत, नॉर्वेचं उदाहरण तुम्हाला आवडेल. त्यांचा 1989 चा कायदा म्हणतो की माध्यम कुठलंही असो, सार्वजनिक केलेलं सगळं जमा करायचं. 2006 पासून त्यांनी आपला अख्खा संग्रह डिजिटल करायला घेतला. मो इ राना नावाच्या उत्तरेकडच्या गावात डोंगराच्या पोटात त्यांचं भांडार आहे. मग लेखक-प्रकाशकांच्या हक्क संघटनेशी करार करून 2000 पर्यंतची नॉर्वेत निघालेली पुस्तकं देशातल्या सगळ्यांना घरबसल्या वाचायला खुली केली, आणि त्याबद्दल सरकार संघटनेला पैसे देतं. ज्यांना नको त्यांना आपलं पुस्तक काढून घेता येतं. नॉर्वेची लोकसंख्या पन्नास-पंचावन्न लाख, मराठी भाषक आठ कोटींवर. भाषा लहान आहे म्हणून जमत नाही, हे कारण आपल्याला देता येणार नाही.

दौत

पैसे देणार असतील तर प्रकाशक संघ बसून बोलायला तयार होईल असं मला वाटतं. हे मात्र कायद्यासोबतच ठरायला हवं, नंतर बघू म्हणून नाही.

पोटमाळा

सगळ्यांच्या लिहिण्यावरून निवेदनाचा मसुदा करते आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. जुन्या ग्रंथांचं जतन व्हावं असं सगळेच म्हणतात, त्याच फाइलमध्ये आजच्या डिजिटल मराठीचा विषय घुसवायचा आहे. केंद्राकडे 1954 च्या कायद्यात डिजिटल प्रकाशन आणावं ही मागणी. आणखी एक काळजीची गोष्ट: 1867 चा छापखान्यांचा कायदा जाऊन 2023 मध्ये जो नवा आला त्यात फक्त नियतकालिकं आहेत, पुस्तकं वगळली आहेत. म्हणजे 1954 चा कायदा हाच आता पुस्तकांचा मुख्य आधार, तो बळकट करणं तातडीचं आहे. राज्याकडे तालुका_वाचनालय यांनी सुचवलेलं नोंदणीचं पान, तीन ठिकाणी प्रती, आणि रिकामी पदं भरण्याची मागणी. इमारतीतच वाचण्याची अट आणि लेखक-प्रकाशकांचं मानधन दौत यांच्या शब्दांत घालते. सह्यकडा, खाजगीपणाचा परिच्छेद तुम्ही लिहाल का? विरोध करणाऱ्याने लिहिलेला असेल तर तो जास्त कसून लिहिला जाईल.

सह्यकडा

लिहितो. शुक्रवारपर्यंत पाठवतो. पासवर्डमागच्या मजकुराला हात लावायचा नाही हे पहिलं वाक्य असेल.

अक्षरजुळारी

फॉन्टचं विसरू नका ताई. माझ्याकडे जुन्या फॉन्टच्या सीडी आणि काही फ्लॉपी आहेत, त्यातले काही बनवणाऱ्या कंपन्या आता राहिलेल्या नाहीत. ग्रंथालयाने घ्यायचं ठरवलं तर परवान्याचा प्रश्न येईल का?

टाकसाळ

काका, परवान्याचं वकिलाला विचारावं लागेल, पण तोवर थांबू नका. फ्लॉपी फार काळ टिकत नाहीत. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे, मी पुण्यात आहे. संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा काढून घेऊ, एकेक फाइल कॉपी करायची नाही. सोबत खोकं, परवान्याचा कागद, माहितीपुस्तिका असेल तर तेही ठेवा. आणि प्रत्येक फॉन्ट कुठल्या वर्षी, कुठल्या सॉफ्टवेअरवर, कोणत्या नियतकालिकाच्या कामासाठी वापरलात ते आठवेल तेवढं लिहून काढा. व्यक्तिगत निरोप पाठवतो.